आधी वाळते, मंग खोकलते: वर्धा जिल्ह्यातल्या एका डुक्करशेडचं प्रकरण

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सातला फोन आला. "डॉक्टर साहेब, डुकरं खोकलून रायले. इंजेक्शन मारलं का दोन दिवस बरं वाटते, मंग पुन्हा तसंच. काल दोन मेले."

फोन करणारा जाम चौरस्त्याच्या अलीकडचा, सोयाबीन-कपाशीचा तरुण शेतकरी. चार वर्षांपूर्वी त्यानं वावराच्या कोपऱ्यात टिनाचं शेड टाकलं आणि लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या संकराच्या माद्या आणल्या. त्या दिवशी शेडमध्ये बारा माद्या, एक नर आणि दूध तुटलेली व वाढीची मिळून ६१ पिल्लं होती. भावकीतलं कोणी अजून त्याच्या शेडवर चहा घेत नाही. तो ते मनावर घेत नाही. "बरं हाये साहेब, पाहुणा नाई तं रोग नाई," असं हसून सांगतो. जैवसुरक्षेवर मी ऐकलेलं हे सगळ्यात लहान भाषण.

हे प्रकरण लिहून काढतोय, कारण यात पहिले तीन आठवडे मी अर्ध्याच गुन्हेगाराच्या मागे धावत होतो. ज्याच्या मागे होतो तो खरा होता, सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता, प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या प्लेटवर उगवत होता. फक्त तो एकटा आला नव्हता.

पहिली भेट

शेडमध्ये पाय टाकताच डोळे झोंबले. थंडी म्हणून दोन्ही बाजूंना बारदानं शिवून लावलेली, त्यावरून निळी ताडपत्री. रात्री पारा दहाच्या आसपास आणि दुपारी तिशीकडे, हा आपल्याकडचा हिवाळा. रात्रीच्या गारठ्यापासून वाचवायला जे झाकलं, ते दुपारीही तसंच राहिलेलं. मुताचा अमोनिया आत कोंडला होता. खाली अंथरायला सोयाबीनचं कुटार, त्याची बारीक धूळ कवडशात तरंगताना दिसत होती.

दूध पिणारी पिल्लं ठणठणीत. माद्या ठणठणीत. आजारी होती ती मधली, साधारण नऊ ते तेरा आठवड्यांची. अकरा पिल्लं खोकत होती, त्यातल्या चौघांची कूस उडत होती. ताप १०४ ते १०५.५ फॅरेनहाइट. काहींचे केस उभे, पाठीचा कणा वर आलेला, कातडी फिकी. हे शेवटचं मी वहीत टिपलं आणि पुढे गेलो. खोकणारं जनावर खात नाही, म्हणून वाळतं, इतका सोपा हिशेब मी मनाशी करून टाकला होता.

मालकाची आई बादलीतून कोंडा-चुनी टाकत होती. ती बोलली, "आधी वाळते साहेब, मंग खोकलते. खोकला मागून येते."

मी "हो मावशी" म्हणालो आणि थर्मामीटर झटकला.

रात्री मेलेलं एक पिल्लू बाहेर पडलं होतं. घाईत छाती उघडली, फुप्फुसाचा ठसा काचेवर घेतला आणि दवाखान्यात येऊन रंगवला. दोन टोकांना गडद, मध्ये फिके असे आखूड जिवाणू. विदर्भातल्या कोणत्याही पशुवैद्यकाला हे चित्र झोपेतही ओळखू येतं, कारण पावसाळ्यात गाई-म्हशींच्या घटसर्पात आपण हेच बघत आलो आहोत. पाश्चुरेला मल्टोसिडा. डुकराच्या फुप्फुसात बहुधा याचा ए किंवा डी प्रकार सापडतो, घटसर्पातला बी नव्हे. पण डोळ्याला सवय लागली की फरक मनात उतरत नाही. घटसर्पात हा जंतू स्वतःच मारेकरी असतो, बारा-चोवीस तासांत म्हैस आडवी करतो. त्याच ओळखीवर मी डुकरातही त्यालाच मुख्य आरोपी केलं.

मालक आधीपासून औषधाच्या दुकानातून आणलेलं ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक टोचत होता. मी एन्रोफ्लॉक्सासिन सुरू केलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, फोनवर आनंद. आठव्या दिवशी नवी सात पिल्लं खोकायला लागली. मग सेफ्टिओफर. पुन्हा तेच: चार दिवस उजेड, मग अंधार. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मेलेल्यांचा आकडा नऊ झाला आणि मालकाचा आवाज बदलला. "साहेब, औषध बदलून रायले का कंपनी बदलून रायले?" प्रश्न रास्त होता.

आधी दोन दारं बंद केली

पुढे काहीही शोधण्याआधी डुकरांचे दोन जीवघेणे विषाणूरोग नाहीत याची खात्री करणं भाग होतं: स्वाइन फीवर आणि आफ्रिकन स्वाइन फीवर. दुसरा भारतात २०२० साली ईशान्येत पहिल्यांदा नोंदला गेला, आणि तेव्हापासून डुकरांतल्या कुठल्याही मरतुकीला "साधा निमोनिया असेल" म्हणून सोडण्याची सोय उरलेली नाही. त्याच्यावर उपचार नाही आणि भोपाळच्या उच्च-सुरक्षा प्राणिरोग संस्थेचा अहवाल येईपर्यंत ठामपणे बोलण्याचा कोणाला अधिकारही नाही. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार संशय कळवणं बंधनकारक आहे. पशुसंवर्धन विभागाला कळवलं, रक्त, प्लीहा आणि लसिका ग्रंथींचे नमुने गेले आणि अहवाल येईपर्यंत शेडमधून एकही डुक्कर हलवायचं नाही असं ठरलं.

मालकासाठी हे सर्वांत जड गेलं. नाताळाआधी नागपूरचा व्यापारी गाडी घेऊन येणार होता. वीस मोठी डुकरं विकायची ठरली होती, त्यातून मुलीच्या शाळेची फी जाणार होती. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या जागी असतो तर चार दिवस बोललो नसतो.

तसं पाहिलं तर चित्र या दोन्ही रोगांचं नव्हतं. आफ्रिकन स्वाइन फीवर लहान-मोठं बघत नाही, कातडी लालजांभळी होते, प्लीहा फुगून काळपट होते. इथं एकच वयोगट पडत होता आणि तोही सावकाश. पण "तसं पाहिलं तर" हे शब्द या रोगात कामाचे नाहीत. दोन्ही अहवाल निगेटिव्ह आले तेव्हा सुटकेचा श्वास घेतला आणि लगेच लाजही वाटली. इतके दिवस मी नेमकं काय शोधत होतो?

छाती पुन्हा उघडली, या वेळी नीट

पहिल्या वेळी मी रात्रभर पडून राहिलेलं, औषध टोचलेलं जनावर उघडलं होतं. मेल्यावर आतड्यातले जंतू काही तासांत इकडेतिकडे पसरायला लागतात आणि अँटिबायोटिकनं खरे जंतू दबलेले असतात. म्हणून या वेळी मालकाच्या संमतीनं तीन पिल्लं निवडली: दोन खंगलेली, आणि एक त्याच सकाळी खोकायला लागलेलं, एकही सुई न लागलेलं. हे तिसरंच सगळ्यांत मोलाचं ठरलं.

हातमोजे दुहेरी घातले. डुकराच्या श्वसनमार्गात स्ट्रेप्टोकॉकस सुइस नावाचा जिवाणू असू शकतो. हाताला कापलं असेल तर तो माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जातो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांचे कान कायमचे जातात. चीनच्या सिचुआन प्रांतात २००५ साली त्याचे २१५ रुग्ण झाले होते, ३८ दगावले. उघड्या हातांनी डुक्कर सोलणारे आपल्याकडे बरेच आहेत, म्हणून हे इथं लिहिलं.

पहिल्या खंगलेल्या पिल्लाची छाती उघडली. निरोगी फुप्फुस छाती उघडताच हवा सोडून बसतं. हे बसलं नाही. फुगलेल्या स्पंजासारखं तसंच उभं राहिलं, बोट दाबलं तर रबरासारखं लागलं, रंग ठिगळाठिगळांचा: कुठं फिकट गुलाबी, कुठं करडा. आणि त्याच फुप्फुसाचा पुढचा-खालचा भाग मात्र वेगळाच. जांभळट, घट्ट, काळजाच्या तुकड्यासारखा. कापून पाण्यात टाकला तर तळाला गेला. दाबल्यावर नळ्यांमधून दाट पू आला.

एकाच फुप्फुसात दोन वेगवेगळे आजार, शेजारी-शेजारी. पुढचा-खालचा घट्ट भाग हा श्वासातून आलेल्या जिवाणूचा, पाश्चुरेलाच्या ओळखीचा. पण न बसणारं, रबरासारखं सगळं फुप्फुस पाश्चुरेला करत नाही. ते बहुधा विषाणूचं काम असतं.

मग जांघेतल्या लसिका ग्रंथी, प्रतिकारशक्तीच्या पेशींची ठाणी. एरवी शोधाव्या लागतात. इथं त्या लिंबाएवढ्या, कापल्यावर आतून पांढुरक्या, एकसारख्या. हातात धरून मी मालकाच्या आईकडे बघितलं. ती दाराशी उभी होती, पदर नाकाला लावून. काही बोलली नाही.

तिसरं पिल्लू, नुकतं खोकायला लागलेलं: त्याच्या फुप्फुसात घट्ट भाग अंगठ्याएवढाच होता. पण ग्रंथी आधीच सुजलेल्या. म्हणजे खोकला सुरू होण्याच्या कितीतरी आधी आत काहीतरी सुरू झालं होतं.

प्रयोगशाळेनं काय सांगितलं

रक्ताच्या प्लेटवर पाश्चुरेला मल्टोसिडा उगवलाच, ओलसर, चिकट, करड्या ठिपक्यांसारखा. टेट्रासायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिनला तो जुमानत नव्हता, फ्लॉरफेनिकॉलला दबत होता. तीनपैकी एका फुप्फुसात मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी हा आणखी एक जिवाणू पीसीआरमध्ये, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत, सापडला. याला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन आणि सेफ्टिओफरच्या घराण्यातली औषधं त्याला काहीच करत नाहीत. माझा दुसरा कोर्स त्याच्यापुरता पाण्यात गेला होता. पीआरआरएस हा डुकरांचा प्रजनन आणि श्वसनाचा विषाणू भारतात २०१३ साली मिझोरममध्ये पहिल्यांदा आढळला. तो इथं नव्हता.

आणि पोर्साइन सर्कोव्हायरस टाइप २. तिन्ही पिल्लांत पॉझिटिव्ह.

इथं एक अडचण आहे. सर्कोव्हायरस जगभरच्या डुकरांत इतका पसरलेला आहे की ठणठणीत डुकरातही पीसीआर पॉझिटिव्ह येतो. नुसत्या कागदावर विश्वास ठेवला तर प्रत्येक शेड आजारी ठरेल. तो आजाराचं कारण आहे हे म्हणायला तीन गोष्टी एकत्र लागतात: खंगणं किंवा श्वासाचा त्रास, ग्रंथींमध्ये ठरावीक बिघाड, आणि त्या बिघाडाच्या जागीच विषाणू. म्हणून ग्रंथींचे काप करून बघायला दिले. पॅथॉलॉजीवाल्या मित्रानं फोन न करता फोटो पाठवला. लसिका पेशींनी गच्च भरलेली असायला हवी होती ती ग्रंथी पांगलेल्या बाजारासारखी रिकामी. उरलेल्या मोठ्या भक्षक पेशींच्या पोटात जांभळे गोल ठिपके, एकाला एक लागून, द्राक्षाच्या घडासारखे. ही सर्कोव्हायरसची सही.

इन्फ्लूएंझा निगेटिव्ह आला, पण त्या निगेटिव्हला मी किंमत दिली नाही. डुक्कर तो विषाणू जेमतेम आठवडाभर नाकातून सोडतं आणि आमचे स्वॅब पाचव्या आठवड्यातले. वरात निघून गेल्यावर मांडवात नवरदेव शोधण्यासारखं ते.

एकटे असताना दोघेही मवाळ

आता मूळ मुद्दा. पाश्चुरेला निरोगी डुकरांच्या नाका-घशातही राहतो. श्वासाबरोबर रोज थोडा खाली उतरतो. फुप्फुसाच्या वायुकोशातल्या भक्षक पेशी त्याला काही तासांत संपवतात. म्हणून प्रयोगात निरोगी डुकराला एकटा पाश्चुरेला दिला तर बहुधा निमोनिया होतच नाही. सर्कोव्हायरसचंही तसंच. तो प्राण्यांमधल्या सर्वांत लहान विषाणूंपैकी एक, सुमारे १७ नॅनोमीटरचा, आणि लागण झालेली बहुतेक डुकरं वरून काहीच दाखवत नाहीत. दोघं एकत्र आले की मात्र शेड रिकामं होतं.

हे कोडं नवीन नाही. १९३१ साली अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी आयोवातल्या डुकरांच्या इन्फ्लूएंझावर काम करताना आजारी डुकरांच्या श्वसनमार्गातला द्रव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढला. नुसता गाळलेला द्रव दिलेल्या डुकरांना हलका आजार झाला. नुसता जिवाणू दिला तर जवळपास काहीच झालं नाही. दोन्ही मिळून दिले तेव्हा शेतावर दिसायचा तसा जीवघेणा आजार उभा राहिला. त्याच्याही आधीची गोष्ट आपल्या धंद्याला जास्त लागू आहे. १८८५ साली अमेरिकेच्याच पशुखात्यात डॅनियल सॅल्मन यांच्या हाताखाली थिओबाल्ड स्मिथ यांनी स्वाइन फीवरनं मेलेल्या डुकरांतून एक जिवाणू काढला आणि तोच रोगाचं कारण मानला गेला. जिवाणूच्या घराण्याला सॅल्मन यांचं नावही मिळालं, साल्मोनेला. पुढे १९०३ मध्ये डी श्वाइनिट्झ आणि डॉर्सेट यांनी दाखवलं की गाळणीतून गेलेल्या, जिवाणू नसलेल्या द्रवानंही तोच रोग होतो. खरा कर्ता विषाणू होता. साल्मोनेला मागून आला होता. इतक्या मोठ्या माणसांची ही चूक झाली म्हणून माझी माफ होत नाही, पण चूक कुठून येते ते कळतं. प्लेटवर जे उगवतं त्यालाच आपण कारण समजतो. विषाणू प्लेटवर उगवत नाही.

फुप्फुसाचा बंदोबस्त थरांचा असतो आणि प्रत्येक विषाणू वेगळा थर फोडतो. पहिला थर श्वासनलिकेतल्या केसाळ पेशींचा. त्या कफाचा पट्टा सतत वर ढकलत असतात, धूळ-जंतू घशाकडे जातात आणि गिळले जातात. इन्फ्लूएंझा याच पेशी सोलून काढतो, दोन-तीन दिवसांत. मायकोप्लाझ्माही इथंच, केसांना चिकटून बसतो आणि त्यांना लुळं करतो. दुसरा थर वायुकोशातल्या भक्षक पेशींचा. पीआरआरएस नेमका त्यांच्यातच वाढतो आणि त्यांना मारतो, म्हणजे पहारेकऱ्यालाच. तिसरा थर पाठीमागची कुमक, लसिका ग्रंथींमधल्या पेशी. सर्कोव्हायरस ही छावणीच रिकामी करतो. त्यामुळे त्याचं काम इन्फ्लूएंझासारखं वादळी दिसत नाही. डुक्कर आधी वाळतं, फिकं पडतं, केस उभे राहतात. मग एरवी काही तासांत मेला असता असा पाश्चुरेला फुप्फुसात मुक्काम ठोकतो. खोकला मागून येतो.

मावशीनं पहिल्याच दिवशी सगळा क्रम सांगितला होता. मी तो ताप मोजण्यात ऐकला नाही.

याची उलटी बाजूही आहे आणि तीच मला सर्वांत जास्त शिकवून गेली. सर्कोव्हायरसजवळ स्वतःची डीएनए उतरवणारी यंत्रणा नाही. त्याला विभागणाऱ्या पेशी लागतात, त्यांच्याच अवजारांवर तो वाढतो. आणि जिवाणू शिरला, सूज आली, प्रतिकारशक्ती जागी झाली की भक्षक आणि लसिका पेशी भराभर वाढतात. म्हणजे जिवाणू विषाणूसाठी वावर नांगरून देतो. प्रयोगांत मायकोप्लाझ्मा आणि सर्कोव्हायरस एकत्र दिलेल्या डुकरांत फुप्फुसाचा बिघाडही जास्त आणि विषाणूही जास्त काळ टिकलेला आढळला. दोघं एकमेकांच्या मळणीला येतात. म्हणून अँटिबायोटिकनं चार दिवस बरं वाटायचं, जिवाणूचा भार हटायचा, पण ग्रंथी रिकाम्याच असायच्या. पुढचा श्वास, पुढचा पाश्चुरेला.

मागे चालत जाऊन बघितलं

नंतर मालकासोबत खाटेवर बसून सप्टेंबरपासूनचं कॅलेंडर काढलं. सप्टेंबरच्या शेवटी त्यानं बाजारातून, तीन वेगवेगळ्या लोकांकडून मिळून चौदा पिल्लं आणली होती. पाहुणा नाही म्हणायचा, आणि पाहुणे चौदा होते. वेगळी न ठेवता तीच पिल्लं घरच्या पिल्लांत सोडली. दिवाळीत गडी सुट्टीवर, म्हणून तीन कप्प्यांची पिल्लं एका कप्प्यात केली. भांडणं झाली, कान फाटले. त्याच आठवड्यात दूध तोडलं, खच्चीकरण, जंतनाशक आणि स्वाइन फीवरची लस, सगळं एका सकाळी उरकलं. मादीच्या दुधातून मिळालेलं संरक्षण सर्कोव्हायरसविरुद्ध साधारण सहा-आठ आठवड्यांत ओसरतं. आजारी गट नेमका त्याच्या पुढचा. परतीच्या पावसात भिजलेल्या मक्याला बुरशी लागलेली होती, तो भरडून खाऊ घातलेला. बुरशीचं विषही प्रतिकारशक्ती खाली आणतं.

आणि एक गोष्ट माझ्या खात्यात. कप्प्यात पंधरा डुकरांना एकाच सुईनं टोचत मी स्वतः तीन आठवडे फिरलो होतो. रक्तात विषाणू असलेल्या डुकराची सुई पुढच्याला.

केलं ते

सर्कोव्हायरसच्या लशी जगात २००४-०६ च्या सुमारापासून आहेत आणि त्यांचा गुण मोठा आहे. आम्हाला त्या हंगामात वेळेवर मिळाली नाही. म्हणून लस येण्याआधी फ्रान्समध्ये फ्रांस्वा मादेक यांनी हाच आजार आवरण्यासाठी जे वीस मुद्दे मांडले होते, त्यांतले जमतील ते घेतले. त्यात औषध जवळपास नाहीच. वेगवेगळी वयं मिसळायची नाहीत, कप्पे लहान आणि भिंती भरीव, एकदा बसलेला गट विक्रीपर्यंत मोडायचा नाही, एक गट बाहेर गेला की धुऊन रिकामं ठेवायचं.

कप्प्यांमधल्या लोखंडी जाळ्यांना जुने सिमेंट पत्रे बांधले, नाकाला नाक लागू नये म्हणून. दुपारी ताडपत्री वरून हातभर खाली सोडायची, थंड वारा अंगावर न येता वरून गॅस निघून जावा एवढी. सोयाबीनचं कुटार काढून भंडाऱ्याकडचं धानाचं तणस आणलं. ते धूळ कमी करतं आणि ऊबही देतं. भरडा थोडा ओला करूनच टाकायचा. बुरशीचा मका उकिरड्यावर. हॉटेलातलं उष्टं घ्यायचंच असेल तर ढवळत ९० अंशांवर तासभर शिजवायचं. हा नियम खरं तर आफ्रिकन स्वाइन फीवरसाठी आहे, पण एकदा चूल पेटली की सगळ्यांनाच लागू. रिकामे कप्पे आधी साबणानं घासून धुतले, मग कॉस्टिक सोडा, मग दहा दिवस कोरडे. शेण राहिलं की ब्लीचिंग पावडर फुकट जाते, आणि सर्कोव्हायरस आवरण नसलेला, चिवट विषाणू आहे. फिनाइलच्या वासावर त्याच्या बाबतीत भरवसा ठेवू नये.

औषध फक्त तापलेल्या पिल्लांना: फ्लॉरफेनिकॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, ४८ तासांनी दुसरा डोस, सोबत ताप-सूज उतरवायला मेलॉक्सिकॅम. प्रत्येक कप्प्याला नवी सुई. लेबलवरचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे औषध अंगातून उतरायला लागणारा वेळ, संपल्याशिवाय विक्री नाही. मायकोप्लाझ्मासाठी खाद्यातून टियाम्युलिन द्यायचा विचार होता. तेवढ्यात कोपऱ्यात ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्याची पोती दिसली. स्वस्त मिळाली म्हणून मालक डुकरांना घालत होता. कोंबडीखाद्यात सॅलिनोमायसिनसारखी रक्तीहगवणीची औषधं असतात, आणि टियाम्युलिन त्यांच्यासोबत गेलं तर डुकरांचे स्नायू आणि हृदय जातं. औषधानंच कळप मारला असता. टियाम्युलिन रद्द केलं, पोती परत गेली.

दूध तोडणं अठ्ठावीसव्या दिवसावरून पस्तिसाव्यावर नेलं. लस, खच्चीकरण आणि दूध तोडणं यांच्यात निदान आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवलं. बाजारातलं पिल्लू आणायचंच असेल तर महिनाभर वावराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या बादलीनं.

पहिल्या गटात नुकसान झालंच. ६१ पैकी १९ गेली. सात इतकी खंगली की त्यांना ठेवण्यात अर्थ नव्हता, तीही काढली. फेब्रुवारी-मार्चमध्ये दूध तुटलेल्या ४८ पिल्लांपैकी तीन गेली, त्यातली दोन चेंगरून. विषाणू शेडमधून गेला, असा याचा अर्थ नाही. तो माद्यांमध्ये आहेच. पण गट मिसळत नाहीत, हवा खेळते, आणि पाश्चुरेलाला रिकामी छावणी मिळत नाही. पुढच्या हंगामासाठी लसीची मागणी आधीच नोंदवली आहे.

मालक पुन्हा बोलायला लागला, तेही टोमण्यानंच: "आता कंपनी नाई बदलत ना साहेब?"

मावशीनं मात्र एक काम स्वतःच सुरू केलं. कपाशी तोलायचा लटकता काटा शेडच्या आड्याला बांधला. दर रविवारी प्रत्येक कप्प्यातली दोन पिल्लं गोणपाटाच्या झोळीत टाकून तोलते आणि पत्र्यावर खडूनं आकडा लिहिते. अक्षरं तिला येत नाहीत, आकडे येतात. जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत तिचा फोन आला.

"चार नंबरातलं एक मागच्या रविवारपासून वाढलंच नाई. खोकला नाई अजून."

मी गाडी काढली.